इनासची अर्धी लादीन

इनास डान्टस आयुष्यात एकदाच काम अर्धवट टाकून घरी गेला, आणि त्या वेळी मी त्याच्या मागे चण्यांची वाट बघत बसलो होतो.

आमची वाडी मालवणच्या खाली, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. निम्मी घरं ख्रिश्चनांची, निम्मी आमची. इनासच्या आणि माझ्या घरामध्ये फक्त एक कुंपण आहे आणि त्यातही येण्याजाण्यासाठी जागा ठेवलेली आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी वाणिज्य शाखेतून पदवी घेऊन तालुक्यातल्या एका पतसंस्थेत लागलो आणि येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. इनास होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकला. त्याचं हे काम चांगलं चालतं. पण वाडीत त्याला त्या कामासाठी कोणी ओळखत नाही. वाडीसाठी तो मेस्त.

मेस्त म्हणजे चर्चमध्ये गाणं धरणारा. फादर पगारी नसतात तसा मेस्तही पगारी नसतो, पण फादर दर पाच-सहा वर्षांनी बदलतात, मेस्त बदलत नाही. इनासचे वडील मेस्त होते. एका लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, त्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढच्या रविवारी त्यांच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं होतं, म्हणून इनास उभा राहिला. तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. गाण्यापाठोपाठ मुलांना धर्मशिक्षण देणं आलं. कोणाच्या घरी माणूस गेलं की तिथे रात्रीच्या प्रार्थना सांगणं आलं. मग ज्याच्या घरी प्रार्थना सांगितल्या त्याच्या विधवेला पेन्शनच्या कचेरीत नेणं, आजाऱ्याला ओरोसच्या सरकारी दवाखान्यात किंवा थेट गोव्याच्या बांबोळीला पोचवणं, नवराबायको भांडली तर मध्ये बसणं, हेही आलं. यातलं एकेक काम कधी आलं ते त्यालाही सांगता येणार नाही.

त्याची बायको फिलोमेना, आम्ही तिला फिलू म्हणतो, कुंपणाजवळ उभी राहून म्हणायची, "गंगाराम, सगळ्या बंदरातली इंजिनां सुरू आसत. माझ्या घरातलो पंखो तेवढो गेल्या नातालपासून बंद आसा. माका मराक व्हया, मगे मेस्त माझ्या घराक येतलो."

इनास हसायचा आणि गाडीला किक मारायचा.

आता लादीन म्हणजे काय ते सांगतो. मे महिन्यात आमच्याकडे प्रत्येक वाडीतल्या क्रुसाशी संध्याकाळी प्रार्थना होते. क्रुसाला चुना काढतात, रंगीत कागदाच्या माळा बांधतात, मेणबत्त्या लावतात. मेस्त पुढे गुडघे टेकून मरीयेला एकेका नावाने हाक मारतो आणि मागचे सगळे एका सुरात "आमच्याखातीर विनंती कर" म्हणतात. या उत्तराला जाप म्हणतात. नावं पुष्कळ आहेत, जाप एकच आहे. लहानपणापासून ऐकून ती आम्हा हिंदूंनाही पाठ झालेली आहे. शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटतात, आणि लादीन पूर्ण झाली म्हणून माळा उतरवतात. लादीन संपल्याशिवाय माळ काढायची नाही, अशी रीत आहे.

त्या संध्याकाळी सांतानमायच्या क्रुसाशी लादीन होती. सांतानमाय म्हणजे बेनीतची आई, नव्वदीच्या घरातली. बेनीत चर्चच्या समितीचा अध्यक्ष. इनासने सुरुवात नेहमीसारखी केली. नाव, जाप, नाव, जाप. मध्येच त्याने नाव घेतलं नाही. आणि लोकांनी जाप दिली.

कोणाच्याच लक्षात आलं नाही. तो पुन्हा गप्प, पुन्हा जाप. सवयीने श्वास घेण्याइतका वेळ जायचा आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "आमच्याखातीर विनंती कर." मीही म्हटलं. कितीतरी वेळ हे असं चाललं. मग पुढच्या ओळीतल्या कोणीतरी मान वर करून पाहिलं आणि आवाज एकेक करून विझत गेले.

इनास गुडघ्यांवरच होता. तो आजारी दिसत नव्हता, रडतही नव्हता. उठला, पँटची माती झटकली आणि म्हणाला, "चणे वाटा."

"अरे, लादीन सोपाक नाय!" सांतानमाय खुर्चीवरून ओरडली.

तो घरी गेला होता.

चणे वाटले गेले. मी खाल्ले. काय करावं ते न सुचल्यामुळे सगळ्यांनीच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी वाडीत तीन मतं होती. एक, साखर कमी झाली. दोन, दृष्ट लागली. तिसरं बेनीतचं, की कोणीतरी काहीतरी बोललं असणार आणि मेस्त रागावला. मी संध्याकाळी कुंपणातून गेलो. इनास ओट्यावर बसून एका इंजिनाचा कार्ब्युरेटर पुसत होता.

"काय झाला रे तुका?"

"म्हायत नाय."

"बरा वाटत नाय?"

"बरा वाटता. जेवलंय, झोपलंय."

"मगे?"

"मगे काय? म्हायत नाय म्हटलंय मा?" त्याने कार्ब्युरेटर खाली ठेवला. "तू माका आणखी विचारू नको, गंगाराम. सकाळपासून सगळे ह्यांच विचारतत, नि माका प्रत्येकाक बरा वाटात असा काय तरी सांगूक लागता."

रविवारी तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला. गाणं कोणी धरलं नाही. फादर एलायस हे आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आलेले, मूळचे आरोंद्याचे, चाळिशीच्या आतले. त्यांनी स्वतःच सूर लावला, तो फार वर लागला आणि दुसऱ्या कडव्यात सगळ्यांचे आवाज बसले.

सांतानमायने मात्र क्रुसावरच्या माळा काढू दिल्या नाहीत. बेनीत शिडी घेऊन गेला तर तिने काठी उगारली. "लादीन अर्धी आसा. मेस्त पुरी करतलो तेव्हा माळ उतारतली. त्येच्याआधी कोण हात लावता तां बघतंय." पाऊस आला तसा माळांचा रंग क्रुसावरून ओघळला, गुलाबी आणि हिरवा. बंदरावर जाताना इनासला रोज त्या क्रुसासमोरून जावं लागायचं. तो मान खाली घालून गाडी चालवायचा. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दिवसांत सगळी इंजिनं दुरुस्तीला आलेली असतात, तरी तो दिवसाला एखादंच उघडायचा.

मला वाटलं, प्रश्न साधा आहे. एका माणसावर भार जास्त झाला आहे, तर तो वाटून द्यावा. मी आयुष्यभर हेच केलं आहे. मी फादरना विचारून समितीच्या बैठकीला गेलो आणि फळ्यावर सगळी कामं मांडली. धर्मशिक्षण बेनीतच्या सुनेकडे, अपेक्षाकडे. ती अंगणवाडी चालवते, तिला मुलांची सवय आहे. मयताच्या प्रार्थना बेनीतकडे. दवाखान्याच्या फेऱ्या ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्याकडे पाळीने. सगळ्यांना पटलं. टाळ्याही झाल्या. फादर म्हणाले, "हे आम्ही आधीच का केलं नाही?" मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्याच आठवड्यात वरच्या वाडीत एक म्हातारा गेला. प्रार्थना सांगायला बेनीत निघाला आणि वाटेत इनासच्या दारात थांबला.

"चल रे."

"आता तू सांगतलंस मा?"

"मीच सांगतलंय. तू नुसतो बाजूक बस. काय्येक करू नको. मी खंय चुकलंय तर तेवढा सांग."

इनास गेला. पुढच्या वेळी अपेक्षा मुलांच्या शंका घेऊन आली. गाडीवाल्यांना बांबोळीला गेल्यावर कोणाला भेटायचं ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी इनासला पुढच्या सीटवर बसवून नेलं. महिनाभराने हिशेब केला तर इनास आधी जितक्या ठिकाणी जात होता तितक्याच ठिकाणी जात होता, फक्त आता तो तिथे बाजूला बसत होता. मी पुन्हा फळ्यासमोर उभा राहिलो आणि काय पुसायचं ते मला कळेना.

मग बेनीतला वाटलं, मेस्ताला वाडीतूनच बाहेर काढायला हवं. ऑगस्टच्या शेवटी आमच्या भागातून तमिळनाडूतल्या वेलंकणीच्या मरीयेला यात्रा निघते. इनासचं तिकीट समितीने काढलं. फिलूला बरोबर न्यायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या रात्री समितीने त्याला शाल दिली, नारळ दिला आणि विश्रांतीसाठी शुभेच्छा दिल्या. त्यानंतर बेनीत म्हणाला की गाडी कुठे बदलायची ते इनास सोडून कोणालाच नीट ठाऊक नाही, तेव्हा त्याने वाटेत जरा सगळ्यांकडे लक्ष ठेवावं.

ते परत आले तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. इनासचा आवाज पूर्ण बसला होता. गाडीत रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना त्यालाच सांगायला लागली होती. एक म्हातारा चुकीच्या स्टेशनवर चहाला उतरला तेव्हा त्याला शोधायला इनासही उतरला आणि दोघे दुसऱ्या गाडीने आले.

फिलू बॅग माझ्या हातात देत म्हणाली, "आराम झालो. आता ह्येका थोडो आराम देवा."

इनास हसायचा प्रयत्न करत होता, पण आवाज नसल्यामुळे ते हसू आहे की खोकला ते कळत नव्हतं.

त्या रात्री इनासने फिलूला सांगितलं की तो मेस्तपण सोडतो आहे. फादरना कळवायचं, पुन्हा चर्चच्या कामाला हात लावायचा नाही. हे फिलूनेच मला कुंपणाशी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. पण ती रडत होती. "पंख्याचा मी मस्करेन म्हणतंय रे. हेणी गाणा सोडल्यान तर हो घरात कोण रवतलो? माका ओळखीचो कोण आसात?"

इनास काम करत राहिला तर संपणार, आणि सोडलं तरी संपणार, असं काहीतरी ती सांगत होती. दोन्हीपैकी एक खरं असतं तर सोपं होतं.

फादर एलायस यांनी राजीनामा ऐकून घेतला आणि हो-नाही काहीच म्हटलं नाही. ते म्हणाले, "सोमवारी माझ्याबरोबर धामापूरला चल. गंगाराम, तुमची गाडी आणाल का? सुट्टी काढावी लागेल."

निवृत्तीच्या आधी माझ्या रजा पडूनच होत्या.

फादर दर सोमवारी कुठे जातात याबद्दल वाडीत बरंच बोललं जायचं. ते धामापूरच्या तळ्यावर जातात, हे मला त्या दिवशी कळलं. साधी पँट, साधा शर्ट, फोन बंद. तळ्याच्या काठाला पायऱ्या आहेत, वर भगवतीचं देऊळ आहे. आम्ही तिघे पायऱ्यांवर बसलो.

थोड्या वेळाने इनास म्हणाला, "हयसर काय करूचा?"

"काय नाय," फादर म्हणाले.

"म्हणजे प्रार्थना?"

"नाय."

"मगे तुमी काय करतात?"

"बसतंय. भूक लागली की जेवतंय. पयले सा म्हयने माका जमाक नाय. सारखा वाटा, कोण तरी मरता आसतलो."

एवढ्यात धुण्याची बादली घेऊन एक बाई पायऱ्या उतरत आली. तिने फादरना ओळखलं, इनासलाही ओळखलं. ती थबकली, बादली खाली ठेवली आणि पदर सावरला. "फादर, कोण गेला?"

"कोण नाय गो. आमी अशेच बसलंव."

तिने इनासकडे पाहिलं. फादर आणि मेस्त एकत्र दिसले म्हणजे कोणीतरी गेलंच असणार. "सांगूक नको झाला तर ऱ्हवांदे," ती हलक्या आवाजात म्हणाली, आणि सोबत म्हणून आमच्या शेजारी थोडा वेळ तोंड पाडून बसली. मग डोळे पुसून धुवायला गेली.

आधी फादर हसले, मग मी. इनास शेवटी हसला, पण हसताना त्याचा चेहरा वेगळाच झाला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "मी नाव घेतलंय, लोकांनी जाप दिली. अशीच दितत सगळ्या वर्सांत. मगे माका वाटला, बघूया तरी. मी गप रवलंय. तरी दिली! मी नाय तरी जाप चलता. मगे मी कित्याक आसंय थंयसर? नि दुसऱ्या दिवसापासून सगळे सांगतत, तू नाय तर कोणाकच नावां येणत नाय. माझी गरज नाय म्हणान माका राग इलो, नि गरज आसा म्हणानय राग इलो. ह्यातलो खरो राग खंयचो, फादर?"

"माका म्हायत नाय," फादर म्हणाले. "येशूसुद्धा लोकांका सोडून होडयेत बसान पलीकडे जाय."

"नि लोक काठाकाठान चलत त्येच्याआधी थंय पोचत," इनास म्हणाला. "होडयेत झोपलो तर उठवन काढीत. माका कित्याक सांगतात? मीच पोरांका शिकवतंय तां."

"पण जाय मा? पुन्ना पुन्ना जाय."

आम्ही डबे उघडले. घरी परतताना तो गाडीत झोपला, इतका गाढ की दारात आल्यावर त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं.

पुढचे काही सोमवार ते दोघे जात राहिले. राजीनाम्याचं कोणी काही बोललं नाही. त्याच्यात फरक पडला का, हे मला सांगता येणार नाही. एक दिवस त्यांच्या घरातून पंख्याचा आवाज आला, एवढं खरं.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मरीयेच्या जपमाळेचा महिना. सांतानमायने निरोप पाठवला, मेस्ताला नाही, सगळ्या वाडीला: शनिवारी संध्याकाळी तिच्या क्रुसाशी अर्धी राहिलेली लादीन पूर्ण होणार. इनासने निरोप ऐकला आणि त्याचा चेहरा पडला. "मी येऊचंय नाय," तो फिलूला म्हणाला. तरी शनिवारी तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसला होता. मी गेलो तसा उठला.

क्रुसावर माळांची नुसती सुतळी उरली होती, कुठे कुठे कागदाचं चिटोरं. मेणबत्त्या लावल्या होत्या. मेस्ताची जागा, पुढची चटई, रिकामी होती. इनास तिकडे जायला वळला तसा सांतानमायने काठी आडवी धरली.

"खंय चललंस?"

"लादीन सांगूक. तुका व्हयी मा?"

"तू थंय मागे बस. आज तू जाप दी."

"नि नावां कोण घेतलो?"

"मी."

"तुका येतत?"

"नव्वद वर्सां आयकतंय. येतली थोडी."

इनास माझ्या आणि फिलूच्या मध्ये बसला. सांतानमायला गुडघे टेकता येईनात म्हणून बेनीतने खुर्ची पुढे नेली. तिचा आवाज फाटका होता आणि चाल कुठलीच नव्हती, पण ती बरोबर तिथूनच सुरू झाली जिथे इनास थांबला होता. पहिली काही नावं आली. आम्ही जाप दिली. मग तिने एक नाव दोनदा घेतलं. मग ती थांबली.

या वेळी कोणी सवयीने जाप दिली नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू मागे वळल्या. बेनीत इनासकडे बघत होता, अपेक्षा बघत होती, मीही बघत होतो. इनासचे ओठ हलले. पुढचं नाव त्याच्या तोंडात आलेलं मला दिसत होतं. फिलूने त्याच्या मनगटावर हात ठेवला, पण दाबला नाही.

तो गप्प राहिला. सांतानमाय मागे न बघता क्रुसाकडे तोंड करून बसून होती.

शेवटी अपेक्षा उठली, आजेसासूशेजारी जाऊन मातीत बसली आणि चाचरत एक नाव म्हणाली. ते खरं तर नंतरचं होतं, हे मला इनासच्या भुवया वर गेल्या त्यावरून कळलं. सगळ्यांनी जाप दिली. इनासने नाही दिली. पुढच्या नावाला त्याने दिली, सगळ्यांच्या मागून, उशिरा. आपला सूर कुठे ठेवायचा ते न कळलेल्या माणसासारखी. त्यानंतर दोघी आलटून पालटून, अडखळत शेवटपर्यंत गेल्या.

सांतानमायने खुर्चीतून वळून विचारलं, "मेस्ता, झाली पुरी?"

इनास विचार करत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कपाळाला आठ्याही होत्या.

"दोन नावां ऱ्हवली," तो म्हणाला.

"तां नाय विचारलंय. झाली काय?"

"झाली," इनास म्हणाला.

बेनीतने शिडी लावली आणि सुतळी सोडवली. अपेक्षाने चणे वाटले. वाटप करणारा म्हणून मेस्ताला नेहमी शेवटी मिळायचे, त्या दिवशी त्याला बसल्या जागी पानावर मिळाले. त्याने एक चणा तोंडात टाकला आणि मला विचारलं, "गंगाराम, मी तिका नाव सांगूक व्हया होतंय काय रे?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

अपेक्षा पान घेऊन आमच्यापाशी आली. "मेस्तानू, माका सगळी नावां शिकवशात? सोमवारी येवू?"

"सोमवारी नाय," इनास म्हणाला. मग आपण हे बोललो याचंच नवल वाटल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला. "मंगळवारी ये."